कमी पैशातला भुताचा लघुपट: धूर, रक्त, सावल्या कशा कराव्यात?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावची आम्ही काही पोरं-पोरी मिळून बारा मिनिटांचा भयपट करतोय. कॅमेरा म्हणजे मोबाईल आणि एक दणकट ट्रायपॉड. सगळ्यांनी मिळून १५ हजार जमवलेत. जेवणखाण आणि गाडीभाडं गेलं की इफेक्टसाठी चार-पाच हजार हातात राहतील.

गोष्ट थोडक्यात सांगतो. अमावस्येच्या रात्री एका बंद वाड्यात जुनी मालकीण दिसते. त्यासाठी जमिनीलगत सरपटणारं धुकं हवंय, हातावरून ओघळणारं रक्त हवंय, भिंतीवर आपोआप उमटणारे लाल पंजे हवेत. बाईचे पाय जमिनीला लागलेले दिसायला नकोत. अंगणातल्या कडुलिंबाला लटकलेला माणूस दाखवायचाय, आणि शेवटी मशाल घेऊन पळणारा एक जण.

आमच्यातल्या एकाचं म्हणणं असं की जाळ आणि धूर खरा नसेल तर भीती बसत नाही. मला ते पटत नाही. पोरींच्या घरच्यांनी विश्वासानं रात्रीचं शूटिंग मान्य केलंय. कुणाला ओरखडाही न येता हे सगळं झालं पाहिजे. दिवाळीनंतर शूटिंग आहे. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सविस्तर लिहावं.

मांजरा

रक्तापासून सुरुवात करतो. मी लातूरकडचा, हौशी नाटकांची रंगभूषा करत आलोय.

बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानात लिक्विड ग्लुकोज मिळतं. एक वाटी ग्लुकोज, दोन-तीन चमचे कोमट पाणी, सीलबंद डबीतला खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कोको किंवा इन्स्टंट कॉफी. कॉफी विसरलात तर ते सरबत वाटेल. रंग थोडा थोडा घाला आणि ज्या दिव्याखाली शूट करणार त्याच दिव्याखाली, मोबाईलच्या स्क्रीनवर पाहा. पिवळ्या बल्बखाली लाल रंग नारिंगीकडे झुकतो, तिथं निळ्या खाण्याच्या रंगाचा एक थेंब टाकावा. निळसर उजेडात उलटं होतं, रक्त काळं पडतं, तिथं कॉफी कमी करायची.

फरशीवर, पायऱ्यांवर जास्त रक्त लागणार असेल तर ग्लुकोज परवडत नाही. कॉर्नफ्लॉवर पाण्यात पातळ शिजवा, गार झाल्यावर रंग घाला. ग्लुकोजवर मुंगळे आणि माश्या तुटून पडतात, यावर तेवढे येत नाहीत. मात्र ते सांडलेली फरशी निसरडी होते, त्यावरून कुणाला पळायला लावू नका.

कुंकू, रंगपंचमीचे रंग, सुट्या पुडीतला रंग यांपैकी काहीही अंगाला लावू नका, तोंडात तर नाहीच. अंगावरच्या रक्तात भांडी घासायचं लिक्विड चमचाभर घातलं की धुताना डाग लवकर सुटतो, पण ते रक्त डोळ्यांच्या आणि ओठांच्या आसपास चालत नाही. दोन बाटल्या वेगळ्या ठेवा आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहा. घाईत बाटली बदलते.

कपाळावरच्या जखमेसाठी व्हॅसलिन आणि मैदा मळून घट्ट लगदा करा, त्यात फाउंडेशन मिसळा. कपाळावर थापून कडा बोटानं इतक्या पातळ करा की त्वचेत मिसळून जातील. मग मधोमध आइसक्रीमच्या चमच्याची कड ओढून फट पाडा, आत गडद रक्त भरा. सगळी करामत त्या कडांमध्ये आहे. कड जाड राहिली की कितीही रक्त ओतलं तरी कपाळाला काहीतरी चिकटवलंय हे दिसतंच.

लटकलेल्या माणसाबद्दल शेवटी आणि ठामपणे: गळ्यात दोर घालायचाच नाही. सैल असला तरी नाही, खाली स्टूल असलं तरी नाही.

हळदीचं_शेत

भिंतीवरच्या पंजांचं मी सांगते. आमचं गाव वसमतजवळ, हळदीला तोटा नाही.

हळद आम्लात पिवळीच राहते आणि अल्कलीत लाल होते. म्हणून हळदीच्या डागावर साबण लावला की तो आधी लाल पडतो. हाच गुण वापरायचा. मांजरपाटाचं पातळ कापड हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवा आणि लाकडी चौकटीवर ताणून बसवा. पिवळ्या दिव्यात ते पिवडीनं रंगवलेल्या जुन्या भिंतीसारखंच दिसतं. कलाकार समोर उभी राहील आणि दुसरा माणूस कापडाच्या मागे. त्यानं कपड्याच्या साबणाच्या दाट पाण्यात हात बुडवून मागून तळवा दाबायचा. ओल झिरपते तसा समोर कुणीही नसताना लाल पंजा उमटत जातो. हे कॅमेऱ्यासमोर सलग घडतं, एडिटिंगमध्ये काही करावं लागत नाही, म्हणून ते अंगावर येतं.

मागचा माणूस साबणाचा हात डोळ्याला लावणार नाही एवढं बघा. कुंकवाचा लाल रंग चुना मिसळून येतो म्हणून कुणी हातावर चुना घ्यायला सांगेल, तो घेऊ नका. चुन्यानं कातडी भाजते आणि डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. आणि चौकट ताज्या चुन्याच्या भिंतीला चिकटवून उभी करू नका, कापड आधीच लाल होईल.

दुसरी गोष्ट, लिंबातून रक्त. स्टीलच्या सुरीवर लाल जास्वंदाच्या पाकळ्या चोळून तो रस वाळू द्या. लिंबू कापलं की आंबट रसानं तो लालभडक होऊन ओघळतो. आपल्याकडे भानामती काढणारे लोक असल्याच रसायनांवर गावोगाव पैसे उकळत आले, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी हेच प्रयोग चौकात करून दाखवून लोकांची भीती घालवली. एक विनंती आहे. तुमच्या गोष्टीतली बाई वाड्याची मालकीण असू द्या, भूत असू द्या, पण गावातली एखादी विधवा किंवा एकटी बाई चेटकीण निघाली असं दाखवू नका. मराठवाड्यात अशा संशयावरून बायकांनी मार खाल्लाय. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीही आला.

पोटॅशियम परमँगनेट आणि ग्लिसरीनचा आपोआप पेटणारा जाळ कुणी सुचवला तर सरळ नाही म्हणा. तो कधी पेटेल ते आपल्या हातात नसतं.

बालाघाट

धुक्याचं मी सांगतो. माझा बीडकडं डेकोरेशन अन् साऊंडचा धंदा आहे. लग्नात नवरा-नवरीच्या एंट्रीला धूर सोडतात तो दोन तऱ्हेचा असतो. फॉग मशीनचा धूर गरम असतो, तो वर चढतो. ड्राय आइसचा गार असतो, तो जमिनीला धरून राहतो. तुम्हाला दुसऱ्यासारखा पाहिजे, पण ड्राय आइस आणू नका. कारण नीट सांगतो, लई लोकांना ते माहीतच नाही.

ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशाचा. हातमोजा नसला की कातडी जळते. बाटलीत भरून झाकण लावलं की बाटली फुटते. अन् त्याचा वायू हवेच्या दीडपट जड. बंद खोलीत, तळघरात, बळदात (धान्याच्या कोठारात), बारवेत (पायऱ्यांच्या विहिरीत) तो खाली साचतो. वरच्या माणसाला काही कळत नाही अन् खाली निजलेल्या कलाकाराचा श्वास कोंडतो. वालूर, चारठाण्याकडच्या बारवा बघून कुणालाही तिथं धुकं सोडायचा मोह होईल. खोल बारवेत ड्राय आइस घेऊन कुणी उतरायचं नाही. पडक्या, बंद विहिरीत तर नुसतंही उतरायचं नाही, तिथं आधीच हवा खराब असू शकते.

आता सोपा उपाय. फॉग मशीन आमच्यासारख्याकडून एका रात्रीच्या भाड्यानं घ्या. थर्माकोलचं मोठं खोकं घ्या, त्यात फोडलेला बर्फ भरा. एका बाजूच्या भोकातून मशीनचा धूर आत सोडा, दुसऱ्या बाजूनं जाड पाईप काढून तो जमिनीवर ठेवा. बर्फावरून गार होऊन आलेला धूर बराच वेळ खालीच सरपटतो. वाड्याच्या चौकात वारं असलं की काहीच टिकत नाही. पहाटे चारच्या सुमारास वारं पडतं, तो शॉट तेव्हाच ठेवा. मशीनमध्ये कंपनीचं लिक्विडच घाला, रॉकेल-डिझेल नाही. मशीनचं तोंड तापतं, तिथं हात लावू नका. दम्याचा कुणी असला तर तो चौकाबाहेर बसेल. बंद खोलीत उद-धुपाचा ढीग पेटवून धूर करू नका, त्यानं डोकं धरतं अन् माणूस बेशुद्धही पडू शकतो.

धूर दिसतो तो मागून आलेल्या उजेडात. दिवा पुढून लावला तर सगळा पैसा पाण्यात.

अजून एक. जुन्या वाड्याच्या, किल्ल्याच्या कमानीला आग्या मोहोळ असतं. धुरानं अन् मोठ्या दिव्यानं ते उठतं. आदल्या दिवशी उन्हात जाऊन सगळ्या कमानी, सगळी झाडं वर मान करून बघा. मोहोळ दिसलं तर जागा बदला.

वीज घ्यायची तर मीटरवरून, चांगल्या वायरनं, मधे आरसीसीबी (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) लावून. खांबावर आकडा टाकायचा नाही, मग गावातल्या कुणीही सांगू द्या.

गोदाकाठ

खूप खूप आभार. हळदीचा पंजा आजच करून पाहिला, आमच्या घरचे सगळे कापडाभोवती जमले.

दोन प्रश्न आहेत. बाईचे पाय अधांतरी कसे दाखवायचे? आणि आमचा वाडा नाही मिळाला तर एकानं किल्लारी भागातली भूकंपात पडलेली जुनी गावठाणं सुचवलीत. तिथं सेटच तयार आहे असं त्याचं म्हणणं.

जुनी_पांढरी

तिथं करू नका.

मी त्या भागातला आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला काही मिनिटं बाकी होती. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं, लोक दमून झोपले होते. हजारो माणसं आपल्याच घराच्या दगडमातीखाली गेली. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यातली गावंच्या गावं दुसरीकडे नव्यानं वसली. जुन्या जागी जे दगड आहेत ते कुणाच्या तरी स्वयंपाकघराचे आहेत, आणि तिथं दिवा लावायला आजही माणसं येतात. त्या जागेवर रक्ताच्या बाटल्या घेऊन कुणी पळू नये एवढंच माझं मागणं आहे. तुमच्या मित्राच्या मनात वाईट काही नसणार, तुमच्या वयाच्या पोरांनी ते पाहिलेलं नाही.

त्या भूकंपानं शिकवलेली एक गोष्ट मात्र तुमच्या वाड्यालाही लागू आहे. माणसं जास्त करून दबली ती जाड दगडी भिंती आणि मातीच्या जड माळवदाखाली, म्हणजे सपाट छताखाली. बंद वाड्याचं माळवद वरून ठणठणीत दिसतं, पण खालच्या तुळया वाळवीनं पोखरलेल्या असतात. पावसाळ्यात वरची माती पाणी पिऊन अजून जड होते, आणि तुम्ही पावसाळ्यानंतर लगेच जाताय. गावातल्या जुन्या सुताराला किंवा गवंड्याला आधी दाखवा. तुळईला टोचा मारून तो लगेच सांगेल. माळवदावर कुणाला चढवू नका, तुळईला दोर, पाळणा, दिवा काहीही टांगू नका. खात्री नसेल तर सगळं चौकात घ्या, मोकळ्या आभाळाखाली. ओसरीतला अंधार फक्त मागे दिसू द्या.

रात्रपाळी

जुनी_पांढरी यांच्या प्रत्येक शब्दाशी सहमत.

मी संभाजीनगरला एडिटिंग करतो. अधांतरी बाईसाठी दोन रस्ते आहेत. पहिला पैसे न लागणारा: तिला चाकं असलेल्या बुटक्या फळीवर उभं करा, फ्रेम गुडघ्याच्या वर ठेवा आणि दोघांनी फळी हळूहळू ओढा. चालताना माणसाचे खांदे वरखाली होतात. ते झाले नाहीत की बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पाय दाखवायची गरजच पडत नाही. फळी वीतभर उंचीचीच असावी, फरशी सपाट असावी आणि एक जण फ्रेमबाहेर तिच्या हाताच्या अंतरावर चालत राहावा.

दुसरा रस्ता पाय दाखवायचा. ट्रायपॉड अजिबात न हलवता आधी रिकाम्या चौकाचा मिनिटभर शॉट घ्या. मग तिथंच बुटक्या स्टुलावर तिला उभं करून तोच शॉट घ्या. मोबाईलमध्ये फोकस, एक्स्पोजर (उजेड किती घ्यायचा ते) आणि व्हाइट बॅलन्स (उजेडाची रंगछटा) तिन्ही लॉक हवेत, नाहीतर दोन शॉट जुळत नाहीत. एडिटिंगमध्ये रिकामा शॉट खाली, बाईचा वर, आणि मास्क आखून, म्हणजे वरच्या शॉटमधला स्टुलाचा भाग कापून, स्टूल पुसायचं. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत हे होतं. स्टुलाची सावली पुसायला मात्र लोक विसरतात. त्या शॉटला धुकं सोडू नका, हलत्या धुरात जोड दिसतो.

आपल्या मातीत हे काम जुनं आहे. दादासाहेब फाळक्यांनी पहिला चित्रपट करायच्या आधी वाटाण्याचं रोप थोड्या थोड्या वेळानं टिपून पडद्यावर भराभर वाढताना दाखवलं होतं. कॅमेरा हलू न देणं आणि धीर धरणं, याच दोन गोष्टी त्याला लागल्या.

खिडकीत दिसून विरणारी आकृती करायची तर पेपर्स घोस्ट करा. १८६२ मध्ये लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी तो रंगमंचावर गाजवला, मूळ कल्पना हेन्री डर्क्स यांची. कॅमेऱ्यासमोर ४५ अंशात पारदर्शक ॲक्रिलिक उभं करा. बाजूला, फ्रेमच्या बाहेर, काळ्या पडद्यासमोर बाई उभी करा. तिच्यावरचा दिवा डिमरनं वाढवला की ती खोलीत उगवते, कमी केला की विरते. काच घेऊ नका, अंधारात कुणीतरी तिच्यावर आदळतं. ॲक्रिलिक छोटंही चालतं, फक्त कॅमेऱ्याच्या जवळ ठेवायचं.

शेतातली रात्र खऱ्या रात्री घ्यायची गरज नाही. संध्याकाळी चारनंतर, सूर्य कलाकाराच्या मागे ठेवून, आभाळ फ्रेमबाहेर काढून, एक्स्पोजर दीड-दोन स्टॉप खाली आणा आणि व्हाइट बॅलन्स ३२०० केल्विनच्या आसपास ठेवा. निळसर चांदणं मिळतं.

धग

मी गोदाकाठचा तो खरा जाळ हवा म्हणणारा मित्र. बाकी सगळं मान्य आहे, पण मशालीचं सांगा. एलईडीचा उजेड चेहऱ्यावर मेलेला वाटतो. खऱ्या जाळाचा उजेड नाचतो. पलित्याला डिझेल, खाली पाण्याची बादली, एवढी काळजी घेतली तरी नको?

बालाघाट

नको भाऊ. दिवाळीनंतर तुमच्याकडं रानात कापूस फुटलेला असतो, सोयाबीनचं भुसकट पडलेलं असतं. पळताना पलित्यातून डिझेल गळतं, तेच बाह्यांवर येतं. अंगावर नायलॉनचं काही असलं की ते पेटून कातडीला चिकटतं. कलाकार पळत राहील अन् बादली जागेवरच राहील.

तुमचं उजेडाबद्दलचं म्हणणं मात्र खरं आहे. त्यासाठी असं करा. चार्जिंगचे दोन पिवळे बल्ब घ्या, त्यावर नारिंगी जिलेटिन पेपर लावा. एक जण कलाकारासोबत कॅमेऱ्याबाहेर पळेल अन् बल्बांसमोर बोटं हलवत राहील. दोन बल्ब वेगवेगळ्या तालात झाकले की चेहऱ्यावरची सावली नाचते.

रात्रपाळी

आणि ज्वाळा वेगळी टिपा. अंधारात मोकळ्या फरशीवर एक पणती ठेवा, मागे काहीच नको, वारा हलका. फक्त ज्वाळा फ्रेम भरेल इतकी जवळून घ्या. एडिटिंगमध्ये तो शॉट मशालीच्या टोकावर ठेवून ब्लेंड मोड 'स्क्रीन' करा, काळं सगळं गळून पडतं. मशाल हलते तशी ज्वाळा फ्रेम-फ्रेमला हलवावी लागेल, म्हणून ती दिसते तो शॉट दोन-तीन सेकंदांचाच ठेवा. बाकी वेळ चेहरा आणि नाचता उजेड.

सिस्टर_नांदेड

मी वॉर्डात काम करते. माझ्याकडून काही गोष्टी.

कुठलाही रंग, गोंद, लेटेक्स आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा. लाल झालं, खाज आली तर तो वापरायचा नाही. त्वचेवर लाकडाचा गोंद, झटपट चिकटणारा गोंद लावू नये. भुताच्या पांढऱ्या डोळ्यांसाठी ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या लेन्स घेऊ नका. धुळीत, रात्री, एकमेकांच्या लेन्स घालून बुबुळाला जंतुसंसर्ग होतो आणि तो नजर घेऊन जातो. डोळे एडिटिंगमध्ये पांढरे करा.

गळ्यातल्या दोराबद्दल मांजरा यांनी लिहिलंय, मी कारण सांगते. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्यांवर दाब आला की काही सेकंदांत शुद्ध जाते. ओरडायलाही वेळ मिळत नाही, आणि बघणाऱ्यांना तो चांगला अभिनय वाटतो. हा शॉट पायांपुरता घ्या. कलाकार फ्रेमच्या वर भक्कम फांदीवर बसलेला, खाली गादी, दिसतात ते फक्त लोंबणारे पाय. किंवा पुठ्ठ्याची आकृती कापून तिची सावली भिंतीवर टाका. खरं सांगू का, तो प्रसंग गोष्टीत लागतोच का ते पुन्हा बघा. आपल्या भागात कितीतरी घरांनी हे खरं पाहिलंय, आणि तुमचे पहिले प्रेक्षक त्याच घरांतले असतील.

रात्री गवतात, दगडात बूट घालूनच फिरा. विंचू, मण्यार, घोणस या दिवसांत असतात. साप चावला तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिकाकडे न्यायचं नाही. हातपाय हलू न देता थेट सरकारी दवाखाना. जवळच्या कोणत्या दवाखान्यात सर्पदंशावरची लस आहे ते शूटिंगच्या आधी विचारून ठेवा. १०८ सगळ्यांच्या फोनमध्ये हवा. आणि गाडीचा ड्रायव्हर रात्रभर जागा ठेवा.

गोदाकाठ

लटकलेला माणूस काढला. आमच्या लेखिकेनंच काढला. त्या जागी ती मालकीण रिकाम्या पाळण्याकडे बघत उभी राहते. पाळणा लाकडी चौकटीवर ठेवू, तुळईला टांगणार नाही. तो आपोआप हलायला हवा आणि करकरायला हवा.

टिटवी

पाळणा हलवायला मासे धरायची तंगूस बांधा. काळ्या मार्करनं तिची चकाकी घालवा आणि दिवा तिच्यावर सरळ पडू देऊ नका. ओढून झाली की लगेच गुंडाळा, अंधारात पाय अडकतो.

आता आवाज. मला वाटतं तुमच्या पैशांतला मोठा वाटा इथं गेला पाहिजे, आणि इथंच तो सगळ्यात कमी लागतो. शूटिंगच्या वेळचा आवाज नुसता खूण म्हणून ठेवा. नंतर घरी, अंगावर-डोक्यावर गोधडी घेऊन, मोबाईल तोंडापासून वीतभर लांब धरून सगळं पुन्हा रेकॉर्ड करा. हाड मोडल्याच्या आवाजाला ज्वारीचं वाळलेलं धाट ओल्या फडक्यात गुंडाळून मोडा. करकरीला जुन्या दाराची बिजागरी रेकॉर्ड करून वेग निम्मा करा, आवाज एक सप्तक खाली उतरतो आणि तो दाराचा आहे हे कुणाला ओळखू येत नाही. रात्री टिटवी ओरडते ती नीट टिपून ठेवा, तिच्यासाठी कुठल्याही संगीताची गरज नाही.

आणि बाई दिसायच्या आधी रातकिडे एकदम बंद करा. चार सेकंद काहीच नाही. गावात वाढलेल्या माणसाला त्या शांततेचा अर्थ लगेच कळतो.

मांजरा

परवानगीचं राहिलं. वाड्याच्या मालकाची लेखी परवानगी घ्या. शूटिंगच्या तारखा ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवा. रात्री वाड्यात उजेड, किंकाळ्या, रक्ताचे कपडे घातलेली पोरं दिसली की चोरांची अफवा उठायला वेळ लागत नाही, आणि जमलेला जमाव आधी मारतो, मग विचारतो. आदल्या संध्याकाळी गल्लीतल्या लोकांना बोलावून पंजा उमटताना दाखवा. तेच लोक रात्री राखण करतील. देवगिरीसारख्या संरक्षित वास्तूत मात्र पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय शूटिंग होत नाही.

गोदाकाठ

हळदीचं_शेत ताई, शेवटचं एक विचारतो. उमटलेले पंजे कलाकार वळून बघेपर्यंत नाहीसे करता येतील का? आणि रीटेकला दर वेळी नवं कापड लागेल का?

हळदीचं_शेत

येतील. लिंबाचा रस पाण्यात मिसळून फवारणीच्या बाटलीत भरा आणि मागूनच बारीक फवारा मारा. आम्लानं लाल रंग परत पिवळा होतो, पंजा समोरून विरत जातो. डोळ्यांवर चष्मा लावून फवारा. रीटेकला तेच कापड वापरायचं तर ते साध्या पाण्यातून काढून वाळवावं लागेल. रात्री तेवढा वेळ मिळणार नाही, म्हणून तीन-चार कापडं आधीच हळदीत बुडवून ठेवा. सगळी एकाच घोळात बुडवा, नाहीतर पिवळा रंग शॉटगणिक बदलेल.